टाकीत कोण कोण?

त्या काळी बर्डीच्या गल्लीत शोभेचे मासे विकणारा एक मासेवाला होता. गिऱ्हाइकाला तो आधी विचारायचा, "टाकीत कोन कोन हाय?" उत्तर पटलं नाही तर दुप्पट पैसे दिले तरी मासा देत नसे.

आमची लांब शेपटीची गोल्डफिश त्याच्याकडचीच. टाकीही त्यानंच प्रताप नगरच्या घरी आणून लावली होती. मला मात्र पट्ट्यापट्ट्यांचे दोन चपळ मासे हवे होते, आणि तिच्यासोबत ते तो देणार नाही हे ठाऊक होतं.

"गोल्डफिश गेली," मी ठोकून दिलं.

त्यानं मासे पिशवीत भरून दिले. निघताना मी सवयीनं तिच्या खाद्याची पुडीही घेतली.

तासाभरात तो सायकलवर घामाघूम होऊन दारात हजर.

"सायेब, गेली म्हन्ता, मंग तिचं खाद्य काहून नेलं?"

उत्तराची वाट न बघता तो टाकीपाशी गेला. पट्टेवाले तिची शेपटी कुरतडत होते. बाही वर करून त्यानं दोघांना जाळीत उचललं आणि काचेला नाक लावून तिच्याकडे पाहत राहिला.

"जित्ती हाय ना बाप्पा!" तो म्हणाला.

मला खोटारडा म्हणायचं त्याला सुचलंच नाही.