एकाच बटणावर

जव्हारला पंखा ही गरजेची वस्तू नव्हती. वैशाखातले थोडे दिवस सोडले तर संध्याकाळी आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, आणि दिवाळीनंतर सकाळी अंगणात बोलताना तोंडातून वाफ निघायची. तरी दादाच्या लग्नात वहिनीच्या वडिलांनी पंखा दिला. साधा नव्हे; खाली काचेच्या तीन कळ्या, त्यांत दिवे, पात्यांना सोनेरी काठ. ते मोखाड्याला कचेरीत कारकून होते. नाशिकला जाऊन त्यांनी तो स्वतः निवडला आणि एसटीत खोकं मांडीवर घेऊन आले. हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

पंखा लागणार होता पुढच्या खोलीत. मधल्या खोलीत दादा-वहिनी, स्वयंपाकघरात आई-बाबा, त्यामुळे जेवणं उरकून सगळे आत गेले की पुढची खोली माझी. मी लहानपणापासून नाशिकला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजही तिथंच केलं. मावशी मुलाकडे राहायला गेली तेव्हा मी सामान घेऊन घरी आले. घरात माझ्याशी कसं वागायचं हे कुणालाच नीट कळत नव्हतं. दादा ‘मडम’ म्हणायचा. मी कमी बोलायचे, त्याला तो शिष्टपणा वाटायचा.

मला बँकेची परीक्षा द्यायची होती. बाबा पोशेऱ्याकडच्या एका शाळेत मास्तर होते. त्यांनी परवानगी दिली, पण अट घालून. “एकदा दे. झाली तर नोकरी कर, मी आडवा येणार नाही. नाही झाली, तर मग मी दाखवीन त्या मुलाला हो म्हणायचं.” परीक्षा जानेवारीच्या शेवटी होती. दिवसा घरात लग्नाची माणसं, भांडी, वहिनीला बघायला येणाऱ्या बायका. वाचायला मिळायचं ते दिवे लागल्यावरच.

लग्नानंतरच्या पूजेच्या आदल्या दिवशी वायरमन आला. खोलीच्या मध्यावर एकच बल्ब लोंबायचा, तो काढून त्या जागी पंखा टांगायचा होता. खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं.

“या मडम,” दादा म्हणाला. “बापानं उगाच नाही शिकवलं तुम्हाला.”

मी वाचून सांगितलं. पंख्याची तार वेगळी, दिव्याची वेगळी, दोन्हींना वेगवेगळी बटणं.

“बरोबर आहे ताईंचं,” वायरमन स्टुलावरून म्हणाला. “पण वर बल्बची एकच तार आलीय. दुसरी न्यायची तर ही पट्टी उचकटायला लागेल.”

ही पट्टी म्हणजे बटणापासून छतापर्यंत गेलेली लाकडी पट्टी, जिच्या आत तारा असतात. लग्नासाठी भिंतीला आकाशी रंग दिला होता, पट्टीलाही तोच. बाबांनी भिंतीवर हात फिरवला.

“उद्या पूजा आहे. आत्ताच तर रंग काढलाय. घ्या सध्या एकाच बटणावर.”

“मग रेग्युलेटरही नाही लावता येणार, मास्तर. त्यानं दिवाही मंद होईल. दिवा लावला की पंखा फुल्ल फिरणार.”

“फिरू दे की,” दादा म्हणाला.

“मी अभ्यास कसा करू?” मी विचारलं. “थंडी आहे.”

“नाशिकच्या मडमना थंडी वाजते. आम्ही काय इथं शेकत बसलोय?”

सगळे हसले. “नंतर बघू गं,” बाबा म्हणाले, आणि वायरमननं पंख्याची आणि दिव्यांची तार एकत्र पिळून बल्बच्या तारेला जोडली.

पूजेला आलेल्या प्रत्येकानं मान वर करून पंखा पाहिला. तीर्थप्रसाद घेताना बायकांचे पदर उडत होते. वहिनीचे वडील कोपऱ्यात बसून लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

पाहुणे गेले आणि मी अभ्यासाला बसले. बटण दाबलं की उजेड आणि वारा एकदम यायचे. कान बांधून, अंगावर गोधडी घेऊन मी वाचायचे. कागद उडू नयेत म्हणून एका बाजूला खलबत्त्यातला बत्ता, दुसऱ्या बाजूला तांब्या. गणितं सोडवताना बोटं आखडायची. डोळ्यांतून पाणी यायचं, मग ते वाऱ्यानं सुकायचं. टेबललॅम्पचं मी एकदाच बोलून पाहिलं. दादा म्हणाला, “वर तीन दिवे लावलेत, ते पुरत नाहीत?” बाबांना पट्टीची आठवण केली की ते म्हणायचे, “बघू.” वायरमन बाजारात रोज दिसायचा. त्याच्याशी आपण होऊन बोलायचं मला जमलं नाही. आणि बोलले असते तरी बाबांच्या शब्दाशिवाय तो आला नसता.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी मेन स्विच खाली केला, टेबलावर स्टूल ठेवलं आणि चढले. छताशी पंख्याची वाटी असते ती सैल करून खाली सरकवली, पिळलेल्या तारा सोडवल्या, पंख्याची बाजूला केली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि दिव्यांची परत जोडली. खाली उतरून मेन वर केला, बटण दाबलं. दिवे लागले. पंखा स्थिर. इतकी शांत खोली मी त्या घरात तोवर अनुभवली नव्हती.

कुणी काही विचारलं नाही. वाऱ्याची हौस फिटलीच होती. दादा म्हणाला, “बंद पडला वाटतं, बरं झालं.” वहिनी तेवढी रोज एकदा वर बघायची आणि कामाला लागायची.

संक्रांतीला तिचे वडील तिळगूळ घेऊन आले. उजेड कमी झाला होता. वहिनीनं बटण दाबलं. त्यांनी वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

“बिघडला का काय?”

ते उठून पंख्याखाली गेले. “हमी आहे दुकानदाराची. खोकं ठेवलंय ना? उतरवून द्या, उद्याच्या गाडीनं नाशिकला नेतो. माझ्या लेकीच्या घरात असं नको.”

वहिनीनं मान खाली घातली होती.

“बिघडलेला नाही,” मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. “मी तार काढलीय. वारा लागतो, अभ्यास होत नाही.”

“आमची मडम इंजिनियर झाली,” दादा हसून म्हणाला, पण बाबा हसले नाहीत.

“व्याही, राहू द्या, पोरीची परीक्षा आहे,” वहिनीचे वडील म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि बाबांना तो दिसत होता.

“जोड,” बाबा म्हणाले. “आत्ता.”

मेणबत्तीच्या उजेडात, सगळ्यांच्या समोर मी स्टुलावर चढून तार जोडली. पंखा सुरू झाला. मग आम्ही सगळे जानेवारीच्या थंडीत त्याच्याखाली बसलो. आई शालीत, बाबा स्वेटरवर कोट घालून, वहिनी पदर कानाशी दाबून. चहा कपात ओतताच निवत होता.

“छान वारा आहे,” बाबा म्हणाले.

वहिनीच्या वडिलांनी समाधानानं मान हलवली आणि मफलर कानावरून ओढून घेतला.

ते गेल्यावर बाबांनी एवढंच सांगितलं, “पुन्हा वर हात लावलास तर परीक्षेला जायचं नाही.”

मी परत गोधडी घेतली.

परीक्षेत मी पास झाले नाही. पंख्यामुळे नापास झाले असं मी म्हणत नाही. गणितात मी आधीपासून कच्ची होते. पण परीक्षेच्या दिवशी मला ताप होता, हेही खरं. बाबांनी मुलगा दाखवला, मी हो म्हटलं, आणि पाऊस लागायच्या आत लग्न होऊन पालघरला आले. निघताना दादा म्हणाला, “तिकडं खाली उकडतं. तिथं लागेल तुला पंखा.”

पुढच्या हिवाळ्यात वहिनीला मुलगा झाला. मी बाळाला बघायला गेले तर दारातच थबकले. आकाशी भिंतीवर बटणापासून छतापर्यंत कोऱ्या लाकडाची नवी पट्टी ठोकली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे रंगाचे पोपडे निघून आतला गिलावा दिसत होता. बोर्डावर एक नवं बटण होतं, शेजारी रेग्युलेटर.

“बाळाला वारा बाधतो ना,” आई म्हणाली. “आम्ही घरी आणलं त्याच दिवशी करून घेतलं.”

“एका दुपारचं काम,” बाबा म्हणाले. ते खुशीत होते. त्यांनी भर दिवसा दिवा लावून दाखवला, विझवला, पुन्हा लावला. “बघ, पंखा हलत नाही. तुला यातलं कळतं. बरोबर जोडलंय ना?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. त्यांना काही आठवत नव्हतं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

बाळ दिव्याकडे टक लावून बघत होतं. वहिनीनं त्याला माझ्या हातात दिलं, आणि ती माझ्याकडे न बघता आत चहा टाकायला गेली.