तिसरं कडवं

आणीबाणी उठली त्या साली पूर्णा स्टेशनजवळच्या हॉटेलात तो माझ्यासमोर बसला होता. रेल्वे क्वार्टरातल्या पोरांच्या गिटार-ड्रमवाल्या बँडचा तो गायक. त्यांची पहिलीच रेकॉर्ड निघाली होती, तरी चहा निववत तो सारखा दाराकडं बघत होता.

"विहिरीवर पाणी भरलं म्हणून मायला मारलं, त्याचं गाणं हाय," तो म्हणाला. "ज्यायनं मारलं त्यायची नावं तिसऱ्या कडव्यात. कार्यक्रमात लोकायची तोंडं बघून मी ते गाळतो. मुंबईत रेकॉर्डिंगला समोर नुसती भिंत. समदं गाऊन बसलो. माय अजून गावातच हाय."

एवढ्यात हॉटेलवाल्यानं तीच रेकॉर्ड लावली. दुसरं कडवं संपलं. सवयीनं त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि ओठ घट्ट मिटले. गाणं चालूच राहिलं.