अपेक्षित उत्तराचा रिकामा रकाना

बी.एड. कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. खडूची भुकटी जशी पदराला आपोआप लागते, तसे तेही लागतात. घरी येऊन पदर झटकला की दोन-चार खाली पडणारच! माझ्या पदराला सगळ्यात जास्त चिकटले ते जोंधळे सरांचे. खरं म्हणजे जोंधळे सर आणि त्यांचे पाच पाहुणे, असं म्हणायला हवं.

हे पाहुणे म्हणजे सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, बुद्ध आणि कन्फ्यूशियस. सर शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवायचे. पेपरात दरवर्षी हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘प्राचीन विचारवंतांची शिक्षक म्हणून तुलना करा’. मी मानसशास्त्राची. लष्करी छावणीच्या बाजूच्या खिडकीखाली आमचं दोघांचं एकच टेबल, त्यामुळे ती तुलना मी जेवणाच्या डब्याबरोबर रोज खाल्ली आहे.

सर लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. त्यामुळे पुस्तकात सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल असले तरी सरांच्या तोंडी सुकरात, अफलातून आणि अरस्तू. आणि बोलायचे असं की हे तिघं गल्लीतले काकाच वाटावेत! एकदा एका विद्यार्थ्याने पेपरात लिहिलं, ‘सुकरात हे जोंधळे सरांचे गुरू होते.’ सरांनी त्या उत्तराला पूर्ण मार्क दिले.

मी म्हटलं, “सर, हे काय?”

“मॅडम,” सर म्हणाले, “यात चुकलंय काय?”

*

एकदा कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली. मधल्या सुट्टीत सरांनी टेबलावरच मुलाखती सुरू केल्या. उमेदवार अर्थातच पाच पाहुणे!

“सुकरात. पदवी नाही. आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. नापास! अफलातून. याची स्वतःची संस्था आहे, आपले संस्थाचालक घाबरतील. अरस्तू. राजवाड्यात जाऊन राजपुत्राची शिकवणी घेत होता. खाजगी शिकवणीला आपल्याकडे बंदी. कन्फ्यूशियस विद्वान खरा, पण बदल्या फार. कुठल्याच दरबारात टिकला नाही.”

“आणि बुद्ध?” मी विचारलं.

“आधीच्या ठिकाणी राजीनामा न देता निघून आलाय!”

तेवढ्यात आमचे शिपाई रहीमचाचा चहाचे कप गोळा करायला आले. थोडा वेळ उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “सर, इन पाचों में अपना कप खुद धोनेवाला कौन है, वो बोलो. उसीच को रखो!”

सरांनी आपला कप उचलला, नळावर नेला आणि धुऊन आणला. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत त्यांचा कप चाचांनी कधी धुतला नाही. मी मात्र माझा देत राहिले. मी मानसशास्त्राची, तत्त्वज्ञान मला लागू नव्हतं.

*

आता कौसल्याचं सांगते. कौसल्या देवगाव रंगारीची. घरी मेंढरं. बाप, चुलते, भाऊ सगळे कळपामागे. पोरगी मात्र बी.ए. होऊन आमच्याकडे बी.एड.ला आलेली. गावातल्या शाळेने तिला शब्द दिला होता, जूनपर्यंत बी.एड. होऊन ये, जागा तुझी. नाही झालीस, तर दुसरी बाई घेऊ. घरच्यांनीही तेवढाच शब्द दिलेला. एक वर्ष शिक, नाही जमलं तर लग्न. दोन्ही शब्दांची मुदत एकच होती.

आणि ही पोरगी वर्गात तोंडच उघडेना! पहिल्या आठवड्यात एकदा उघडलं होतं. ‘म्या सांगू का?’ एवढंच बोलली आणि शहरातल्या पोरी फिस्सकन हसल्या. झालं. पुढचे दोन महिने नुसतं व्हय आणि नाय. ज्या परीक्षेत पोरांना शिकवून दाखवायचं, ती मुकेपणाने कशी पास होणार?

सर एकदा सगळ्या वर्गाला घेऊन विद्यापीठामागच्या लेण्यांत गेले. मीही बरोबर होते. बसलेल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर सगळ्यांना बसवलं. “हा शिकवतोय. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मोजल्यासारखी धरलीत, बघा. पंडितांची भाषा बाजूला ठेवून हा लोकांच्या बोलीत बोलला. सांगा, काय सांगत असेल?”

पोरांनी आर्यसत्यं सांगितली, अष्टांगमार्ग सांगितला. सगळं नोट्समधलं. मग मागून हळूच आवाज आला.

“सर, ह्यो बोलत नाय. ह्यो ऐकतोय.”

कौसल्या होती. कुणीतरी हसायला लागलं. सरांनी हात वर केला. ते मूर्तीकडे इतका वेळ बघत राहिले की शेवटी आम्ही सगळेच बघायला लागलो. खरंच, मान थोडी पुढे झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले. ऐकतच होता की तो!

“वीस वर्षं मी पोरांना इथे आणतोय,” सर परतताना मला म्हणाले, “आणि वीस वर्षं मी एकटाच बोलतोय.”

*

दिवाळीनंतर कौसल्याचे वडील तिला भेटायला आले. खांद्यावर घोंगडी, हातात धपाट्यांचं फडकं. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. सरांनी आत बोलावून खुर्ची दिली, तर तिच्या कडेवर टेकले.

“सर, पोरगी मेंढरामागं दिसभर बोलायची. हितं यिऊन मुकी झाली. रागवा तिला.”

“रागावून बोलेल?” सरांनी विचारलं.

“नाय, ते बी खरंच,” म्हातारा विचार करून म्हणाला. “कोकरू दोरीनं वढलं तर बूड टेकवून बसतंय. त्याच्या संगं चालावं लागतंय. लई हळू चालावं लागतंय.”

सरांनी खिशातलं पेन काढून ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि दाराकडे बघून हाक मारली, “चाचा, चहा आणा! सहावे पाहुणे आलेत.”

*

त्यानंतर सर तिच्यासंगं चालायला लागले. रोज चार वाजता कौसल्या आमच्या टेबलाशी यायची. सर प्रश्न विचारायचे, ती तिच्या बोलीत उत्तर द्यायची. मी वह्या तपासायचं सोंग करून ऐकायचे.

एक दिवस सर तिला म्हणाले, “मी पण एक वर्ष मुका होतो.”

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि त्यांची शाळा एकदम मराठी झाली. पाढे, भूगोल, सगळं उर्दूतून पाठ असलेला पोरगा मराठी वर्गात बसला. गुरुजींनी काहीतरी विचारलं, याने उर्दूत उत्तर दिलं आणि वर्ग हसला. पोराने ओठ शिवले. मग एक दिवस म्हातारे गुरुजी त्याच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “मला उर्दू येत नाही रे. तू मला शिकव. रोज एक शब्द.”

“खरोखर येत नव्हती त्यांना,” सर म्हणाले. “मुद्दाम नव्हते म्हणत. सुकरात मी पुस्तकात फार नंतर वाचला, पोरी. आधी माझ्या बाकावर बसून गेला होता.”

कौसल्या खाली बघत होती. मी लाल पेनने एकाच उत्तरावर तीनदा बरोबरची खूण केली.

*

बी.एड.चं सगळं जग पाठाच्या टाचणावर चालतं. टाचणात रकाने आखायचे. डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे ‘अपेक्षित उत्तर’. पोरं काय बोलणार ते आदल्या दिवशी आपणच लिहून ठेवायचं! सरांना या रकान्याचा भारी राग. वर्गात आणि आमच्या टेबलाशीही म्हणायचे, “उत्तर आपल्याला ठाऊक असताना विचारतो, तो प्रश्न कसला? ती तर उलटतपासणी! सुकरातचा हा रकाना रिकामा राहिला असता.”

आम्ही हसायचो. कौसल्या हसली नव्हती, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

मार्चमध्ये शेवटची पाठपरीक्षा. छावणीतली शाळा, सहावीचा वर्ग, विषय प्राण्यांचं समूहजीवन. बाहेरगावचे परीक्षक मागच्या बाकावर, शेजारी आम्ही दोघं. कौसल्या उभी राहिली आणि बोलायला लागली. स्वच्छ, न घाबरता, मधूनच ‘आसंल’, ‘नसंल’ म्हणत. मग शेवटचा प्रश्न विचारला. “कळप बसलेला असतो. एक मेंढी उठते, मग सगळ्या उठतात. आधी कुणी उठायचं, ते कोण ठरवतं?”

वर्गात नुसता गलका! म्हातारी मेंढी ठरवते, भुकेली ठरवते, कुत्रं ठरवतं. दोन पोरं भांडायला लागली. परीक्षकांनी टाचणावर बोट ठेवलं. त्या प्रश्नासमोरचा रकाना कोरा होता.

पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, “याचं अपेक्षित उत्तर?”

“सर, मला ठाऊक नाय. म्हनून तर इचारलं.”

“टाचण अपूर्ण आहे,” परीक्षक म्हणाले आणि टाचण काखेत घेऊन निघाले.

जोंधळे सर पांढरे पडले. वऱ्हांड्यात मी त्यांना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. “सर, सुकरातने विष स्वतः प्यायलं होतं! दुसऱ्याला पाजलं नव्हतं!”

ते स्टाफरूमकडे चालू लागले. इतकं कठोर मी बोलायला नको होतं, आजही वाटतं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे फक्त देवगावची ती जागा दिसत होती.

*

स्टाफरूममध्ये परीक्षक सरांच्या खुर्चीत बसले होते. समोर कोरा रकाना.

सर उभ्यानेच म्हणाले, “चूक माझी आहे. तिने ऐकलं, एवढाच तिचा दोष.”

“ते नंतर,” परीक्षक म्हणाले. “आधी उत्तर सांगा.”

“मला माहीत नाही.”

“मॅडम?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मलाही माहीत नाही,” परीक्षक पुटपुटले. “तीस वर्षं पाठ बघतोय. पोरं भांडताना पहिल्यांदा बघितली.”

रहीमचाचा दारातून म्हणाले, “साहब, लडकी के वालिद बाहर बैठे हैं. धनगर हैं.”

म्हाताऱ्याला आत आणलं. लेकीला न्यायला आला होता बिचारा. एम.ए., एम.एड. झालेली तीन माणसं त्याच्यासमोर बसली आणि परीक्षकांनी अदबीने विचारलं, “काका, कळपात आधी कुणी उठायचं, ते कोण ठरवतं हो?”

म्हाताऱ्याने घोंगडी सावरली. “म्या बी माज्या बापाला इचारलं व्हतं, सायेब. त्यो म्हनला, मेंढरालाच इचार. तवापासून इचारतोय.”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि त्या कोऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली.

*

जूनमध्ये कौसल्या पास झाली आणि गावच्या शाळेत रुजूही झाली. सर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिने आम्हाला बोलावलं. शहरातल्या क्रांती चौकातून एसटीने निघालो. सरांचे गुडघे गेलेले, हातात काठी. पण वाटेत कन्नड तालुका येईपर्यंत अरस्तू आणि कन्फ्यूशियसचं भांडण सोडवत होते. कुणी मागे काय ठेवलं, यावर. एकाने ग्रंथ, एकाने शिष्यांची टिपणं.

वर्गात शिरलो. फळ्याच्या उजव्या बाजूला ऑइलपेंटने एक लांबट रकाना आखलेला. वर लिहिलं होतं, ‘बाईंना माहीत नाही’. खाली पोरांच्या अक्षरात खडूने प्रश्न. काहींच्या पुढे कुणीतरी उत्तर शोधून लिहिलेलं. सगळ्यात वरचा प्रश्न मात्र ऑइलपेंटने लिहिलेला. मेंढीचा. त्याच्यापुढची जागा कोरी.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, हे आजोबा कोण?”

“माझे सर,” कौसल्या म्हणाली.

“मंग यांना तर ठाऊक आसंल!”

अख्खा वर्ग सरांकडे वळला. सर काठी टेकत फळ्याशी गेले. खडू घेतला. ‘बाईंना माहीत नाही’च्या खाली त्यांनी लिहिलं, ‘बाईंच्या सरांनाही नाही.’

खडू ठेवून ते वळले. मागच्या बाकावरची ती मुलगी उठून उभी राहिली. कौसल्याने कुणालाच उठायला सांगितलं नव्हतं. मग सगळा वर्ग उठला.