बद्द वाजणारं चाक

मोटरसायकलच्या इंजिनाचं चाक मी टिचकी मारून निवडलं. हसा खुशाल. मला हसू यायला बरीच वर्षं लागली, आणि आलं तेही फार टिकलं नाही.

माझं माहेर तांबट आळीतलं. हंडा असो, घंगाळ असो, तांब्या असो, आधी टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणलं तर घ्यायचं. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे असं समजून बाजूला सारायचं. ही विद्या मला बोबडं बोलायच्या वयापासून येत असावी, आणि सासरी मी तिचा फार तोरा मिरवला. माठ वाजवले, कपबशा वाजवल्या, कलिंगडं तर काय सगळेच वाजवतात. नवरा पसंत करायची पाळी माझ्यावर आली असती तर त्यालाही टिचकी मारली असती आणि बद्द वाजतो म्हणून परत पाठवला असता. हे बोलायचेच कमी. अजून तसेच आहेत.

ह्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची मोटरसायकल होती. तेव्हाच म्हातारी झालेली. तिच्यात ठिणगी पाडायला मॅग्नेटो नावाचा एक गोल डबा, आणि तो डबा फिरवायला इंजिनाच्या पोटातून निघालेली दातेरी चाकांची रांग. एकाचे दाते दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात. बाकी चाकं पोलादी, मॅग्नेटोवरचं शेवटचं तेवढं तपकिरी. कापड आणि राळ दाबून केलेलं. ह्यांचे दोस्त त्याला फायबर म्हणत. त्या तपकिरी चाकाचे दाते झिजले आणि गाडी चालता चालता खोकायला लागली.

ह्यांना सातपूरच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना. मालेगावात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा होते, आणि मला तिकडे एका लग्नाला जायचंच होतं. ह्यांनी झिजलेलं चाक फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवलं. दाते तेवढेच हवेत, मधलं भोक तेवढंच हवं आणि चाक तपकिरीच हवं, असं बजावलं. एवढं बोलले म्हणजे बाब गंभीर, हे मला कळायला हवं होतं. पण तेव्हाच्या त्या मी नावाच्या बाईला कळत काय होतं? नवी पैठणी सांभाळत एसटीची खिडकी पकडली आणि निघाली.

चाचांनी दोन चाकं पुढे ठेवली. एक तपकिरी, एक पोलादी. दाते मोजले, सारखे. भोक ताडून पाहिलं, सारखं. मग मी काय केलं असेल ते सांगायला नको. तपकिरी चाक अगदी बद्द वाजलं, तडा गेलेल्या माठासारखं. पोलादी मात्र असं गायलं की समोरचा सायकलवाला पंक्चर काढायचं सोडून बघायला लागला.

चाचांनी नीट समजावलं होतं. मॅग्नेटो कधी अडकलाच तर हे नरम चाक स्वतःचे दाते मोडून घेतं आणि मागची सगळी रांग वाचते. मी ऐकेना, तेव्हा ते म्हणाले, "भाभी, ये टूटने के लिए ही बना है."

मग तर प्रश्नच मिटला. मोडण्यासाठी केलेली वस्तू विकत घेणारी मी नव्हे. आमच्याकडे आजीच्या लग्नातला हंडा अजून पाणी भरतोय, असं काहीबाही व्याख्यान मी त्यांना दिलं, पोलादी चाक फडक्यात बांधलं आणि लग्नात जाऊन दोन वेळा जिलेबी वाढून घेतली.

घरी ह्यांनी फडकं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तपकिरी आता येतच नाही, बंद झालंय. महिनाभर गाडी झकास चालेल, हे खूश होतील, मग गंमत म्हणून खरं सांगू, असा माझा बेत होता.

ह्यांनी ते चाक बसवायला अख्खा रविवार घातला. दोन दात्यांमध्ये सिगारेटचा कागद सरकेल एवढीच फट ठेवायची असते. जास्त राहिली तर दाते आपटतात, कमी राहिली तर घासतात. कागद सरकवायचे, चाक फिरवायचे, पुन्हा सोडायचे. त्या वेळी त्यांच्या बोटांकडे बघत राहावंसं वाटायचं. रविवारी कारखान्यातले दोस्त आपापली इंजिनं घेऊन आमच्या दारात बसत ते त्या बोटांसाठीच. चहा करून करून माझा जीव जायचा आणि मी कुरकुरायचे. कुरकुरायला माणसं होती, एवढंही तेव्हा उमगलं नाही.

गाडी चालली, पण नव्या चाकाचा एक बारीक सूर सतत कानात यायचा. मला तो खणखणीत वाटायचा. ह्यांना आवडला नाही, पण गाडी चालवत राहिले.

मग एका दुपारी गावातल्या द्वारका चौकात, मी मागे बसलेली असताना, गाडीच्या पोटातून कडाड आवाज झाला आणि ती जागच्या जागी मेली. मागच्या ट्रकने ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितेय. ह्यांनी गाडी ढकलत घरी आणली. मी मागून चालत होते आणि रस्त्यावर तेलाची धार आमच्या घरापर्यंत येत होती. मॅग्नेटो अडकला होता. पोलादी चाक मोडलं नाही. त्याने मागची रांग मोडली आणि तुटलेल्या दात्यांनी इंजिनाचं कवच फोडलं.

ह्यांनी ते उघडून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, फट कमी राहिली, दाते घासून मॅग्नेटो अडकला असणार, माझ्याच हातची चूक.

तेव्हाच सांगायचं होतं. घाबरून मी चहा ठेवायला आत गेले. पुढच्या रविवारी एक दोस्त इंजिन घेऊन आला तर ह्यांनी त्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एकाला. मग कोणी येईना. मोटरसायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. हे कारखान्यात जायचे, यायचे, जेवायचे, पण घरात पुन्हा कधी पाना हातात घेतला नाही. साधी शिवणमशीन अडली तरी म्हणायचे, बाहेर दे. मी दर वर्षी ताडपत्री झटकायचे आणि आता सांगण्यात काय अर्थ, असं स्वतःला समजवायचे.

आता ह्यांना कंपवात आहे. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जात नाही, मी भरवते. मागच्या थंडीत नातीने ताडपत्री काढली. ती इंजिनिअर, अंगाने माझ्यावर गेली आणि बोटांनी ह्यांच्यावर. कुठूनसं जुनं कवच मिळवलं, रांगेतली सगळी चाकं जोडीजोडीने नवी आणली, कारण झिजलेल्याशी नवं जुळत नाही म्हणे. शेवटच्या चाकाशी अडली. एक पोलादी आणि एक तपकिरी, दोन्ही मागवून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली. एक ठेवून दुसरं परत करायचं होतं.

"आजोबा, कुठलं बसवू? तुमच्या अंदाजाने सांगा."

ह्यांनी चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, मला नको विचारूस, माझ्या हातून ते बिघडलं होतं.

नातीला काय सुचलं कोण जाणे, मला चिडवायला म्हणाली, "आजी, तू टिचकी मारून सांग बरं."

मी मारली. बद्द. मग पोलादीला मारली, आणि तोच जुना खणखणीत सूर घरभर झाला. ह्यांनी मान वर केली. मग मी सगळं सांगितलं. मालेगाव, चाचा, समोर ठेवलेलं तपकिरी चाक, बंद झालंय म्हणून मारलेली थाप. फट बरोबर होती, कागद सरकताना मी स्वतः पाहिला होता, हेही सांगितलं. नात एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मध्ये एक विनोद करायचा प्रयत्नही केला मी. कोणी हसलं नाही.

ह्यांनी तपकिरी चाक उचललं. हात थरथरत होता, त्यामुळे चाक समोरच्या स्टीलच्या ताटलीवर आपोआप वाजायला लागलं, थांबेचना. दाते मोजायला बोट फिरवलं, ते दोनतीनदा घसरलं. मग चाक नातीच्या तळहातावर ठेवलं आणि हेच बसव म्हणून मानेने खूण केली. माझ्याकडे मात्र वळून म्हणाले,

"हे हात चालत होते तेव्हा सांगायचं होतंस."