ताक्याची शाई मनगटावर

पॅकिंगमधल्या मंजुळाबाईंचा हात माझ्या टेबलावर होता. मनगटावर काळ्या शाईचा गोल शिक्का, आत कंत्राटदाराची अक्षरं. भोवतीचं कातडं सोलून लाल झालेलं.

“भाजलं का काही?”

“न्हाय मॅडम, टाचा घासायच्या वजरीनं घासलं. रविवारी पोरीचा साखरपुडा हाय. व्याह्यांपुढं असा हात करू काय?”

भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे. सोप्या भाषेत काम असं, की सकाळी आत आलेला माणूस संध्याकाळी तसाच धडधाकट बाहेर गेला पाहिजे. फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजतो का, रॅक वाकलेत का, हेल्मेट डोक्यावर आहे की मोटारसायकलच्या आरशावर, हे मी बघते. तोंडाने फटकळ आहे, हे सगळं गोडाऊन जाणतं. म्हणूनच पुढचं लिहायला लाज वाटते. हा शिक्का मी आठ दिवस गेटवर रोज बघत होते. हजेरीचा विषय आहे, सेफ्टीचा नाही, असं म्हणून पुढे जात होते.

शिक्क्याचं कारण असं. आमच्याकडे पॅकिंगला दोन कंत्राटदार बायका पुरवतात. बायका एकाच गावच्या. एकीचं मूल आजारी पडलं की तिचा गेटपास घेऊन दुसरी यायची. दोघा कंत्राटदारांची माणसं मिसळायला लागली. त्यातल्या एका शेठनी तोडगा काढला. शेठ मूळचे लूमवाले. लूमवर विणलेल्या कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्याला ताका म्हणतात. धुलाई-रंगाईला गेल्यावर तो दहा मालकांच्या मालात हरवू नये म्हणून टोकाला मालकाचा शिक्का मारतात, धुवून-रंगवूनही न जाणाऱ्या शाईने. शेठनी घरातला तोच शिक्का आणि तीच शाई गेटवर आणून ठेवली. हे डोकं भिवंडीच्याच माणसाचं.

शिक्का नाही तर उद्यापासून ड्युटी नाही, असं शेठच्या सुपरवायझरने मंजुळाबाईंना बजावलं होतं. उजवा हात सोलला असेल तर डाव्यावर मारू, म्हणाला. मी त्यांची जखम धुतली, डॉक्टरकडे पाठवलं, गेटवरचा शिक्का आणि पॅड उचललं आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, शाईच आहे ती,” मॅनेजर म्हणाले. “कॉन्ट्रॅक्टरचा मामला आहे.”

“जखम माझा मामला आहे, सर. शेठना बोलवा.”

शेठ आले. पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचं जाड कडं. “क्या मॅडम, एवढ्याशा शाईला मीटिंग?”

“शेठ, गुलामांच्या व्यापाराबद्दल ऐकलंय का? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं जहाजात कोंबायचे. एकाच जहाजात कधी दोन-तीन व्यापाऱ्यांची. मिसळू नयेत म्हणून आधी खांद्यावर, छातीवर तापलेल्या लोखंडाने मालकाची अक्षरं डागायचे. पुढे विकला की नव्या मालकाची पुन्हा. पळून सापडला तर कुठे कुठे गालावर.”

शेठ उसळले. “मी काय डाग दिला काय कोनाला? संध्याकाळी घरी जातात बाया!”

“जातात. म्हणून तुम्हाला त्या लोकांच्या पंगतीत बसवत नाही मी. त्या माणसांना जायला घर ठेवलंच नव्हतं. पण कारण तुमचं नि त्यांचं एकच आहे, माल मिसळू नये.”

“मग वळखू कसं मी माझी मानसं?”

प्रश्न खरा होता. पण माझं डोकं तापलं होतं. मंजुळाबाईंच्या जखमेचा राग होताच, त्याहून जास्त माझ्या आठ दिवसांचा.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “शिक्का राहू दे. पण गेटच्या आतला नियम सगळ्यांना. हेल्मेट सरांनाही असतं ना? तसंच हे.”

पॅडवर शिक्का दाबला आणि आधी स्वतःच्या उजव्या मनगटावर मारला. मग शेठकडे वळले. “हात.”

शेठनी हात इतक्या झटक्यात मागे घेतला की कडं टेबलावर आपटलं.

“शाईच आहे, शेठ.”

मॅनेजरांनी आपले दोन्ही हात हळूच टेबलाखाली नेले.

शिक्का त्याच दिवशी बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः यादी घेऊन गेटवर उभे राहिले. नाव घेतलं की कोणीतरी ‘हाय’ म्हणायचं आणि शेठ खूण करायचे. एवढी वर्षं माणसं पुरवतात, पण एकही चेहरा ओळखीचा नव्हता. शेवटी सुगंधाच्या नावाला ‘हाय’ आलं, तशा पट्टी बांधलेल्या हाताने मंजुळाबाई पुढे झाल्या. “ही सुगंधा न्हाय शेठ, तिची जाव हाय. सुगंधाचं पोर तापलंय.” त्यांना सगळ्या बायका ठाऊक होत्या, पार सासर-माहेरासकट. तेव्हापासून गेटवर यादी त्यांच्याच हातात असते. बदली चालते, फक्त आलेलीचं खरं नाव लिहायचं. आग लागली तर बाहेर कोणाकोणाला मोजायचं, हे मला त्या यादीवरूनच कळणार. म्हणजे हजेरी हा माझा विषय पहिल्यापासूनच होता.

रविवारी मी साखरपुड्याला गेले. व्याह्यांना चहा देताना मंजुळाबाई पदर मनगटावर ओढत होत्या. शिक्का गेला नव्हता. मी मुद्दाम विहीणबाईंच्या शेजारी बसले आणि कप उजव्या हाताने घेतला.

“हे काय वो मॅडम?” त्यांनी विचारलंच.

“आमच्या कंपनीचं आहे. मंजुळाबाईंना आहे, मलाही आहे.”

“अस्सं,” त्या म्हणाल्या आणि पोह्यांकडे वळल्या. मंजुळाबाईंनी पदर सोडला आणि पुढचे कप मोकळ्या हाताने दिले.

माझी शाई दोन-तीन आठवड्यांत गेली. त्यांचीही गेली, वजरीचा वण मात्र राहिला. माझ्या चेकलिस्टला आता एक ओळ जास्त आहे: नवा नियम गेटवर लावण्याआधी मीटिंगमधल्यांनी तो स्वतःवर लावून बघावा. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. तो टेबलावर ठेवला की बरेच नियम मीटिंगमध्येच बारगळतात.