गाठी मारलेली माती

सोमवार, सकाळी अकरा. हजर: जिल्हा माती परीक्षण प्रयोगशाळेच्या खरेदी समितीचे आम्ही तिघे आणि चुकून आत आलेल्या बोरी गावच्या एक बाई. मातीतलं जस्त, लोह मोजणाऱ्या यंत्रासाठी एकच निविदा आली होती. नियमाने ती पुन्हा मागवायची.

बाईंनी टेबलावर दोन पुरचुंड्या ठेवल्या. एक गाठ म्हणजे विहिरीकडची माती, दोन गाठी म्हणजे ओढ्याकडची. माझ्या फायलींपेक्षा नेटकं काम.

"दरसाली सोयाबीन पिवळं पडतंय, सायेब. पेरणीच्या आधी कळंल का?"

"तीन निविदा आल्याशिवाय यंत्र घेता येत नाही, मावशी."

"तुमाला तीन लागतेत. मला रान एकच हाय." हसून त्यांनी सांडलेली माती पदराने पुसली.

नमुने शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतात, हे मला त्या गेल्यावर सुचलं. पत्र तयार आहे. मोठ्या साहेबांची सही राहिली आहे.