समान संधीचा कार्यक्रम

छावणीत समान संधीचा कार्यक्रम होता. पुढे सोफे, मग खुर्च्या, शेवटी सतरंजी. नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे बायका न सांगता आपापल्या जागी बसल्या. जवानाची बायको तोंबी मणिपुरी नाच नाचली. विविधतेसाठी आमच्याकडे रंगमंच नेहमीच मोकळा असतो.

तोंबी बी.एड. आहे. बालवाडीतल्या शिक्षिकेची जागा मात्र बारावी झालेल्या मेजरसाहेबांच्या पत्नीला मिळाली. मी तिथली मुख्याध्यापिका. वरून आलेल्या नावावर सही माझी.

नाच संपल्यावर तोंबी जवळ आली. इथे शिकलेल्या मराठीत म्हणाली, "मॅडम, माझा अर्ज?"

"पुढच्या वर्षी बघू गं."

"मागच्या वर्षीपण हेच म्हणालात."

"नाच मात्र सुंदर झाला," मी म्हणाले.

ती हसली. "मग पुढच्या वर्षी कुठला बसवू?"